इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

आज एका झाकणाची गोष्ट सांगतो. गाडीच्या इंजिनावर सगळ्यात वर बसणारं झाकण. पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपल्या गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर. तुम्ही म्हणाल, झाकणाला कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. मग मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत, मिशिगनमध्ये, भर सिग्नलवर माझ्या काकांच्या गाडीच्या बॉनेटमधून निळसर धूर यायला लागला, आणि त्याला कारण मी होतो.

सिग्नलवरचा धूर

माझे मोठे काका पन्नासेक वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला राहतात. त्यांच्याकडे १९५७ ची शेवरोले बेल एअर आहे. तीच ती, मागे माशाच्या पंखांसारखे दोन पंख असलेली. गाडी ५७ ची असली तरी इंजिन तेव्हाचं नाही. मूळ इंजिन कधीच गेलं. आता आत १९७० च्या दशकातलं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं शेवरोले व्ही-एट आहे. त्यावर नवा अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड आणि रोलर रॉकर बसवलेत. थोडक्यात, कपडे जुने आणि हृदय नवं.

काकांना ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर गाडी चालवायची होती. १९९५ पासून तिथे दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. काका आता ७८ वर्षांचे आहेत, डाव्या हाताला कंप सुटलाय. काकू मला फोनवर म्हणाल्या होत्या, "या वर्षी तू ये. पुढच्या वर्षी हे चालवतील की नाही, मला शंका आहे." म्हणून मी गेलो.

काकांची एकच इच्छा होती. बॉनेट उघडलं की इंजिन ५७ सालचं दिसलं पाहिजे. म्हणजे वर जुन्या कॉर्व्हेटसारखी पट्ट्यापट्ट्यांची अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं हवीत. त्यांचा हात स्थिर राहत नाही, म्हणून बोल्ट मी आवळले. कव्हरं दिसायला झकास! आणि तिसऱ्या दिवशी हा धूर.

काकांनी शांतपणे गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "अरे, कोंडलंय ते."

मला काही कळेना. गळतंय म्हणा, जळतंय म्हणा. कोंडलंय म्हणजे काय? ते समजायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

जेव्हा झाकणच नव्हतं

इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घ्यायला, धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह लागतात. हे व्हॉल्व्ह ठेवायचे कुठे? जुन्या काळी बहुतेक कंपन्या ते सिलेंडरच्या शेजारी, खाली ब्लॉकमध्ये ठेवायच्या. करायला सोपं आणि स्वस्त. ब्यूक आणि शेवरोले या कंपन्यांनी मात्र ते सिलेंडरच्या डोक्यावर बसवले. त्यामुळे इंजिन चांगला श्वास घेतं, ताकद वाढते. पण मग खालच्या कॅमची हालचाल वर पोचवायला लांब दांडे लागतात, ते पुशरॉड. आणि दांड्याने ढकललं की व्हॉल्व्ह दाबणारी झुल्यासारखी तरफ लागते, ती रॉकर.

शेवरोलेची ४९० नावाची गाडी होती, १९१५ मध्ये जाहीर झालेली. किंमत ४९० डॉलर, म्हणून नावही तेच. तिच्या सुरुवातीच्या मॉडेल्सवर हे रॉकर उघडेच असायचे! बॉनेट उचललं की समोर टकटक नाचताना दिसायचे. तेलाची बुधली घेऊन त्यांना हाताने तेल द्यायचं. तेव्हाचे रस्ते मातीचे, म्हणजे धूळ थेट रॉकरवर. म्हणून पुढे झाकण आलं. धूळ बाहेर ठेवा, तेल आत ठेवा, आवाज कमी करा. एवढी तीनच कामं.

आणि इथे गोष्टीत मुंबई येते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि शिवडीत शेवरोले उभी राहायची. माझे आजोबा तिथे फिटर होते. १९२९ पासून शेवरोलेला सहा सिलेंडरचं इंजिन आलं, तेही डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं. त्या घराण्यातल्या पुढच्या २१६ घनइंची इंजिनाचं झाकण वरून फक्त दोन नटांवर बसायचं. काका सांगतात, आजोबा म्हणायचे की हे दोन नट जो माणूस ताकद लावून पिळतो, त्याला फिटर म्हणू नये.

१९५३ मध्ये सरकारी धोरण बदललं. ज्यांना भारतात खरंखुरं उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाही. १९५४ मध्ये शिवडीची जोडणी बंद झाली. आजोबांची नोकरी गेली. काका तेव्हा आठ वर्षांचे. नोकरी गेली त्याच वर्षाच्या शेवटाला अमेरिकेत शेवरोलेने १९५५ च्या मॉडेलमध्ये एक नवं इंजिन आणलं. ते शिवडीत कधी आलंच नाही. आजोबांनी ते फक्त एका परदेशी मासिकातल्या जाहिरातीत पाहिलं. ते पान काकांकडे अजून आहे.

पोरांनी बदलवलेलं इंजिन

हे इंजिन काय होतं ते कळायला त्याच्या आधीची वीस वर्षं बघायला पाहिजेत. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातला व्ही-एट आणला. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, त्यामुळे डोकं सपाट. नावच पडलं फ्लॅटहेड. त्याच्या डोक्यावर असं झाकण नव्हतंच, कारण झाकायला वर काही नव्हतं. कॅलिफोर्नियातली पोरं जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, इंजिन ठोकठाक करून वेगवान करायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. हॉट रॉड म्हणतात ते हेच. पण फ्लॅटहेडची एक अडचण होती. गरम धूर ब्लॉकच्या आतूनच फिरून बाहेर जायचा, त्यामुळे ताकद वाढवली की इंजिन तापायचं.

१९४७ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या दोन भावांनी यावर उपाय काढला. झोरा आणि युरा आर्कुस-डंटोव्ह. त्यांनी फ्लॅटहेडसाठी व्हॉल्व्ह वर असलेली नवी डोकी बनवली, नाव ठेवलं आर्डुन. मूळ हेतू फोर्डच्या ट्रकना ताकद द्यायचा होता, पण हॉट रॉडवाल्यांनी ती उचलली. आता झाकायला वर काहीतरी होतं! आर्डुनवर मोठाली कव्हरं आली, आणि बॉनेट उघडल्यावर आधी तीच नजरेत भरायची. झाकण नुसतं झाकण राहिलं नाही, मिरवायची गोष्ट झाली.

आता पुढची गंमत ऐका. यातला झोरा १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये नोकरीला लागला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने साहेबांना एक टिपण लिहिलं. मुद्दा साधा होता. गाड्यांची हौस असलेली तरुण पोरं फोर्डच्या नादात वाढलीत, त्यांची मासिकंही फोर्डने भरलेली असतात. त्यांना आपल्याकडे वळवायचं तर वेगासाठी लागणारे भाग आपणच तयार करून विकले पाहिजेत. म्हणजे इंजिन मॉडिफाय करणाऱ्यांना हुसकावू नका, हाताशी धरा. आज आपल्याला हे सहज पटतं, पण १९५३ मध्ये मोठ्या कंपनीत असं लिहिणं धाडसाचं होतं.

त्याच वेळी शेवरोलेचा मुख्य इंजिनिअर एड कोल नवा व्ही-एट घडवत होता. १९५५ चा हा २६५ घनइंची, म्हणजे ४.३ लिटरचा व्ही-एट, पुढे स्मॉल ब्लॉक म्हणून जगभर गाजला. त्याच घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन २०११ मध्ये बाहेर पडलं.

आपल्या झाकणासाठी यातली एक युक्ती महत्त्वाची आहे. आधी सगळे रॉकर एका जाड दांड्यावर ओवलेले असायचे. इथे तो दांडा काढून टाकला. प्रत्येक रॉकर पत्र्यातून ठोकलेला, आणि स्वतःच्या छोट्या खुंटीवर झुलणारा. ही कल्पना जनरल मोटर्सच्याच पाँटिअ‍ॅक विभागातून आली होती. मग तेल कुठून द्यायचं? पुशरॉड पोकळ केले! तेल त्यातून वर चढतं, रॉकरवर सांडतं आणि परत खाली झिरपतं. हलकं, स्वस्त, झकास. पण याचा अर्थ असा की इंजिन चालू असताना झाकणाच्या आत सतत तेलाचा पाऊस पडत असतो. आणि झाकणाची खालची कड नेमकी कुठे? तापलेल्या एक्झॉस्टच्या बरोबर वर. कडेतून थेंब सुटला की तो जाऊन तापल्या लोखंडावर पडणार.

चार बोल्टांचा पुरावा

काकांनी जुन्या सामानाच्या बाजारातून खरी पन्नाशीतली कव्हरांची जोडी मिळवली होती. मी ती ३५० वर ठेवली, तर खालचे दोन बोल्ट बसले आणि वरची भोकं जुळेनात. १९५५ ते ५९ पर्यंतच्या डोक्यांवर वरचे बोल्ट खालच्यांच्या अगदी समोर नव्हते, थोडे सरकलेले होते. १९६० पासून ते समोरासमोर आले. पुढे १९८७ च्या सुमारास कडेचे बोल्ट जाऊन कव्हराच्या मधोमध, एका ओळीत आले. म्हणजे बघा, आजोबांच्या २१६ ची वरून आवळायची पद्धत नव्या रूपात परत! जाणकार माणूस नुसत्या बोल्टांच्या जागा बघून इंजिनाचं साधारण वय सांगतो.

मी म्हटलं, "काका, कानस मारून भोकं लांबट करू का?"

"वेडा आहेस का? साठ-पासष्ट वर्षं टिकलंय ते. आपल्या हौशीपायी त्याला का बिघडवायचं?" ती जोडी त्यांनी पुसून फळीवर ठेवली.

मग आम्ही नव्याने ओतलेली, पण दिसायला हुबेहूब जुनी अशी जोडी मागवली. हिची भोकं समोरासमोर. चारही बोल्ट बसले. मी खूश. गडबड इथेच झाली.

श्वास घ्यायची वाट

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली तेलाच्या भागात उतरतोच. तो बाहेर पडला नाही तर आत दाब साठतो. ५७ च्या इंजिनाला यासाठी साधी सोय होती. पुढे इनटेक मॅनिफोल्डवर तेल ओतायची उभी नळी, तिच्या जाळीच्या टोपणातून ताजी हवा आत. मागे ब्लॉकमधून खाली रस्त्याकडे जाणारी नळी, गाडी पळताना तिच्यातून घाण वायू बाहेर. त्यामुळे व्हॉल्व्ह कव्हरला एकही भोक लागत नव्हतं. म्हणून ती जुनी कव्हरं इतकी सलग, देखणी दिसतात.

पण ही घाण जायची कुठे? लॉस एंजेलिसच्या हवेत. तिथल्या धुरक्याने लोकांचे डोळे झोंबायचे. आरी हागेन-स्मिट नावाच्या, मूळच्या डच असलेल्या शास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास दाखवून दिलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येणारे वायू उन्हात एकमेकांशी क्रिया करतात आणि त्यातून हे धुरकं तयार होतं. मग १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह यायला लागला, १९६३ पर्यंत देशभर पसरला. याने आतला वायू बाहेर न सोडता परत इंजिनातच ओढून जाळायचा. गाड्यांच्या प्रदूषणावरचा अमेरिकेतला हा अगदी पहिला उपाय.

याचा परिणाम झाकणावर झाला. साठीचं दशक संपता संपता शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकवरची पुढची नळी गेली, ब्लॉकमधलं मागचं भोकही गेलं. तेल ओतायचं तोंड, हवेची वाट, पीसीव्ही, सगळं व्हॉल्व्ह कव्हरवर आलं. झाकण आता इंजिनाचं नाक झालं.

आता आमचं इंजिन बघा. ब्लॉक सत्तरीतला, मागे भोक नाही. नवा मॅनिफोल्ड, पुढे नळी नाही. आणि वर मी बसवली ५७ च्या थाटाची बिनभोकाची कव्हरं! म्हणजे नाक-तोंड दोन्ही बंद. दाब वाढला, वाट मिळेना, मग त्याने गॅस्केटच्या कडेतूनच वाट काढली. येताना तेल घेऊन आला, ते एक्झॉस्टवर पडलं, आणि धूर.

घरी आल्यावर काकांनी इंजिन सुरू करून डिपस्टिक बाहेर काढली. तिच्या नळीतून फुसफुस वाफ. "बघ, बिचारं इथून श्वास टाकतंय," काका म्हणाले. मला मनापासून वाईट वाटलं. अजून थोडा वेळ गेला असता तर तिथे आगही लागली असती, आणि गाडीत काका होते.

मग नीट कसं बसवलं

जे केलं ते क्रमाने सांगतो, कुणाला उपयोग होईल.

एक, नव्या जोडीला भोकं पाडली, सव्वा इंचाच्या आसपास. कव्हर इंजिनावरून उतरवून, बाकावर. अ‍ॅल्युमिनियमचा एक कीसही इंजिनात पडता कामा नये. एका कव्हरवर पीसीव्ही, त्याची नळी कार्ब्युरेटरच्या बुडाशी. दुसऱ्यावर एअर फिल्टरकडून ताजी हवा. शिवाय त्यातच तेल ओतायचं तोंड.

दोन, पीसीव्हीच्या भोकाखाली आतून पत्र्याचा आडोसा लावला. आत तेलाचा पाऊस असतो हे आठवतंय ना? आडोसा नसेल तर पीसीव्ही हवेबरोबर तेलही ओढतो आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो.

तीन, उंची तपासली. रोलर रॉकर मूळच्या रॉकरपेक्षा जाड आणि उंच असतात. कव्हराला, किंवा नव्या आडोशाला, आतून घासतात का हे कळायला मुलं खेळतात तो क्ले आतून चिकटवला, कव्हर नुसतं ठेवलं, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. उघडून पाहिलं तर क्लेवर एका ठिकाणी खोल ठसा. मग जाड गॅस्केट घेतलं. जिथे तेवढ्याने भागत नाही तिथे उंच कव्हरच लागतं.

चार, दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही राहणार नाही असे पुसले. गॅस्केट कव्हराच्या बाजूला चिकटवलं, डोक्याच्या बाजूला कोरडं ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर उचललं तरी फाटत नाही.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवळणं. याच इंजिनाच्या हेड बोल्टना साधारण ८८ न्यूटन-मीटर जोर लागतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टना? जेमतेम ५! मी पहिल्या वेळी गळू नये म्हणून जीव खाऊन पिळले होते. त्याने उलट होतं. गॅस्केट बोल्टपाशी चेपून बाहेर येतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. पत्र्याचं कव्हर असेल तर त्याची कडही वाकते, मग ती आधी ठोकून सरळ करावी लागते.

यावेळी काका शेजारी स्टूलवर बसले होते. "समोरासमोरचे घे. थोडं थोडं. पाना बोटांनी धर, मुठीने नाही. बास. आता इंजिन तापवून गार कर, मग परत एकदा बघ." त्यांचे वडील त्यांना हे सांगायचे, ते त्या दिवशी माझ्यापर्यंत आलं.

मी विचारलं, "काका, आता भोकं दिसतात. ५७ चं वाटत नाही. चालेल?"

ते म्हणाले, "५७ चं नाहीच आहे ते. जे आहे त्याला श्वास घेता आला पाहिजे."

मला या सगळ्यातून एवढंच कळलं. जुनं रूप आणायला हरकत नाही. पण ते रूप ज्या सोयीवर उभं होतं ती सोय आपण काढून टाकली असेल, तर नुसतं रूप लावून चालत नाही. त्या सलग कव्हराचा देखणेपणा मागच्या नळीवर उभा होता, आणि ती नळी लॉस एंजेलिसच्या लोकांच्या डोळ्यांत धूर सोडत होती. भोकं उगाच नाही आली.

ऑगस्टमध्ये आम्ही वुडवर्डवर गेलो. काकांनी चालवली, मी शेजारी. दर सिग्नलला मी बॉनेटकडे बघत होतो आणि काका मला हसत होते. परत आल्यावर कव्हराखालच्या कडेवरून पांढरा रुमाल फिरवला. कोरडा. काकांनी तो घडी घालून फळीवर, त्या जुन्या जोडीवर ठेवला.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरी आजोबांची, काकांची एखादी जुनी गाडी, स्कूटर, नाहीतर शेतातलं इंजिन असेल, तर त्याचं झाकण एकदा नीट बघा आणि त्यांना त्याबद्दल विचारा. आणि आपण आवळताना, बोटांनी. मुठीने नाही. भेटू पुढच्या भागात!